कडक भाकरीच्या डब्यातली बाटली

माझ्या आईला डॉक्टर व्हायचं नव्हतं, डॉक्टरची आई व्हायचं होतं. ती झाली, आणि आमच्या गल्लीत त्या पदाला माझ्या पदवीपेक्षा जास्त मान आहे. सकाळी मी स्कूटर काढून दवाखान्यात गेले की आमच्या दारात बायका यायच्या. "महानंदामावशी, पोराला खोकला सुटलाय, बघा की जरा." मावशी बघायच्या. जीभ बघायच्या, कपाळाला हात लावायच्या, "पोट साफ आहे का गं?" असं विचारायच्या आणि वर "आमची कावेरी अशा वेळी हेच देते" म्हणून ठोकून द्यायच्या. कावेरी म्हणजे मी. मी काय देते हे मला विचारायची गरज कुणालाच वाटायची नाही.

मी डॉ. कावेरी कलशेट्टी. सोलापुरातल्या मुलांच्या एका दवाखान्यात कॅज्युअल्टी सांभाळते, म्हणजे तातडीने आणलेली पोरं आधी माझ्यासमोर येतात. माझा आवाज मोठा आहे. लग्न केलं नाही, त्यामुळे घरी ओरडायला फक्त आई, आणि तिचा आवाज माझ्याहून मोठा. म्हणून सगळी हौस मी दवाखान्यात भागवून घेते.

आमच्याकडे एक यंत्र आहे. त्याचं खरं नाव लांबलचक आहे, आम्ही त्याला पंच म्हणतो. पंच येण्याआधी काय चालायचं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. तापाने फणफणलेलं पोर समोर आलं की डॉक्टरला एकच प्रश्न पडतो: ताप विषाणूचा की जिवाणूचा? बहुतेकांचा विषाणूचा असतो. त्यावर अँटिबायोटिक चालत नाही, तो आपला आपण उतरतो. पण त्यातलंच एखादं पोर असं निघतं, की त्याला ते औषध वेळेत मिळालं नाही तर हातचं जातं. दोन्ही पोरं सारखीच तापलेली, सारखीच किरकिरणारी. मग डॉक्टर काय करणार? भीतीपोटी सगळ्यांनाच देणार. वर्षानुवर्षं आम्ही तेच केलं. औषधातून जे जंतू वाचले, त्यांचीच पिलावळ वाढली. मी शिकत होते तेव्हा तान्ह्या बाळांच्या वॉर्डात अशी बाळं पाहिली आहेत, की कपाटातलं एकही औषध त्यांना लागू पडेना. आम्ही नुसते पाळण्यापाशी उभे राहायचो.

पंच जंतू शोधत बसत नाही. जंतू सापडायला वेळ लागतो, आणि नाकात सापडलेलाच तापाचा धनी असेल असंही नाही. पंच शरीरालाच विचारतो. शत्रू आत शिरला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी कामाला लागतात, म्हणजे त्यांच्यातली काही जनुकं जागी होतात. विषाणूसाठी जागी होणारी वेगळी, जिवाणूसाठी वेगळी. बोटाला टोचून घेतलेल्या दोन थेंबांत कोण कोण जागं आहे, ते पंच वाचतो आणि चहा निवायच्या आत निकाल देतो. निळा दिवा लागला तर विषाणू. तांबडा लागला तर जिवाणू. पांढरा लागला तर, मला सांगता येत नाही, तुमचं तुम्ही बघा.

तांबडा लागल्याशिवाय अँटिबायोटिकचं कपाट उघडत नाही. डॉक्टर स्वतःच्या जबाबदारीवर ते उघडू शकतो, पण कारण नोंदवावं लागतं, आणि अशा कारणांतून पंच पुढचं शिकतो. बाहेर औषधाच्या दुकानातही तेच. पंचाच्या निकालाशिवाय बाटली मिळत नाही. पाच-सहा वर्षांत फरक दिसला. बोथट झालेली जुनी औषधं पुन्हा चालायला लागली. साध्या इंजेक्शनने पोरं बरी व्हायला लागली, तेव्हा आमचे म्हातारे सर अक्षरशः रडले होते.

पंच सगळं रक्ताला विचारतो, एक गोष्ट सोडून. ती माणसाला विचारावी लागते: गेल्या काही दिवसांत घरी अँटिबायोटिक दिलं आहे का? कारण अर्धवट औषध पोटात गेलं की जंतू मरत नाहीत, नुसते दबतात, आणि शरीराने केलेली ओरडही त्यांच्यासोबत दबते. त्यात जोडीला साधी सर्दी असेल तर तिचाच आवाज मोठा ऐकू येतो. उत्तर 'हो' असेल, तर पंच हे सगळं धरून वेगळ्या मापाने तोलतो. 'नाही' असेल, तर तो विश्वास ठेवतो.

आणि जे 'हो' म्हणायचे, त्यांना मी अशी झापायचे की सगळी कॅज्युअल्टी गप्प व्हायची. "कुणी सांगितलं होतं द्यायला? डॉक्टर तुम्ही की मी?" पहिल्या वर्षी पुष्कळ लोक 'हो' म्हणायचे. हळूहळू 'नाही' म्हणणारे वाढले. मला वाटलं, लोक सुधारले. त्यावर मी डॉक्टरांच्या परिषदेत भाषणही ठोकलं आणि टाळ्या घेतल्या.

एके दिवशी दुपारचे जेवणाचे डबे नुकतेच उघडले होते, तेव्हा आमच्या शेजारची नागमणी कोडम लेकीला खांद्यावर घेऊन आत आली. नागमणी घरी बसून टॉवेल शिवते, नवरा कारखान्यात. लेक लास्या, चार वर्षांची. ही पोरगी आमच्या घरातच वाढलेली म्हटलं तरी चालेल. तोंडाचा पट्टा बंद म्हणून नसतो. माझा स्टेथोस्कोप दिसला की "मला दे, मला दे" करत उड्या मारणार.

"ताई, दोन-तीन दिवस ताप आहे. आज उलट्या झाल्या," नागमणी म्हणाली.

"आणि आज आणतेस होय? बाजूला राहतेस ना गं माझ्या?"

तिने लास्याला पलंगावर ठेवलं. नाक वाहत होतं, अंग तापलेलं. स्टेथोस्कोप लावला तरी तिने तो मागितला नाही. खिडकीतून ऊन येत होतं, त्याच्याकडे पाठ करून पडून राहिली.

सिस्टर यास्मिनने बोट टोचलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला. "घरी कुठलं अँटिबायोटिक दिलंय का?"

नागमणीने माझ्याकडे बघितलं. मग फरशीकडे. "नाही."

निळा दिवा लागला.

मी लास्याची मान वाकवून बघितली. जरा ताठ वाटली, पण तापात पोरं अंग आखडून घेतातच. मला काही ते आवडत नव्हतं. पण 'आवडत नाही' हे काही कारण झालं का? आठवड्यापूर्वीच माझ्या हाताखालच्या एका डॉक्टरने "मला वाटलं" म्हणून कपाट उघडलं होतं, आणि मी त्याला सगळ्यांसमोर सोलून काढला होता. "तुला वाटतं त्यापेक्षा पंचाला जास्त कळतं. त्याने लाखो पोरं पाहिलीत. तू किती पाहिलीस?"

"विषाणूचा ताप आहे," मी नागमणीला सांगितलं. "अँटिबायोटिक नको. सलाइन लावू, इथेच ठेवून घेऊ, संध्याकाळी पुन्हा पंच लावू."

ती मान हलवून बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची. मी पुढच्या पोराकडे वळले. तिथूनही माझं लक्ष लास्याच्या पलंगाकडेच जात होतं.

सलाइनची पहिली बाटली अजून अर्धीसुद्धा झाली नव्हती, तेवढ्यात दारात गलका ऐकू आला. वॉचमन कुणालातरी अडवत होता आणि ते कुणीतरी त्याला सांगत होतं, "मी डॉक्टरची आई आहे. सोड बघू!"

आई. घरातल्या साडीत, पायात दोन वेगवेगळ्या चपला, हातात कापडी पिशवी. माझ्या आईने आयुष्यात इस्त्रीच्या साडीशिवाय उंबरा ओलांडलेला नाही.

"अगं, तू इथे काय करतेस?"

तिने पिशवीतून बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली. मुलांचं गोड गुलाबी औषध. अँटिबायोटिक. निम्मी रिकामी.

"हे मी दिलंय लास्याला," ती म्हणाली. "परवापासून. सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा चमचा."

मला आधी कळलंच नाही. "कुठून आली ही बाटली?"

"तुझ्या मावशीने पाठवली. इंडीहून."

माझी मावशी सीमेपलीकडे, कर्नाटकात इंडीला राहते. तिकडे अजून पंच पोचलेला नव्हता, दुकानात मागेल ते मिळायचं. मावशी दर महिन्याला कडक भाकरीचा डबा पाठवते. आता उमजलं, डबा एवढा जड का लागायचा. सोलापुरात औषध मिळेनासं झालं, तशी लोकांनी उरलेली बाटली सोन्यासारखी जपायला सुरुवात केली होती. तसलीच एक साठवण खुद्द माझ्या घरात होती, भाकरीखाली.

मी ओरडले. खोटं कशाला सांगू, तोल सुटला माझा. "तुला अक्कल आहे का आई? मी जगाला सांगत फिरते आणि तू माझ्याच घरात दुकान मांडतेस? अर्धा चमचा कुणी सांगितला तुला? कुणी सांगितला?"

सगळी कॅज्युअल्टी गप्प झाली. आई उलटून बोलेल म्हणून मी थांबले, पण तिने बाटली माझ्याकडे आणखी पुढे सरकवली.

मग मी नागमणीकडे वळले. "आणि तू? तुला विचारलं ना सिस्टरने? तोंडाने 'नाही' म्हणालीस ना?"

नागमणी रडत होती. "महानंदामावशी म्हणाल्या, कावेरीला सांगू नको, ओरडेल. तुम्ही ओरडता ना ताई. इथे सगळ्यांना माहीत आहे. बाहेर बाकड्यावर बायका एकमेकींना सांगतात, आत गेल्यावर 'काही दिलं नाही' म्हणायचं."

मी सिस्टर यास्मिनकडे बघितलं. तिने नजर चुकवली. तिलाही माहीत होतं.

"मी मघाशी हिला फोन केला," आई हळू आवाजात म्हणाली. "म्हटलं काय म्हणाली कावेरी. तर म्हणे औषध नको, विषाणू आहे. म्हटलं, मी दिलेलं सांगितलंस का? तर म्हणे नाही. तूच नाही का भाषण पाठ करत होतीस घरात फेऱ्या मारत? तो प्रश्न चुकला तर सगळं चुकतं म्हणून? रिक्षा केली आणि आले. आता ओरड नंतर. पोरीला बघ."

यास्मिनने पंचावरचं उत्तर बदललं. 'नाही'चं 'हो'. रक्त तेच, थेंब तेच. निळा दिवा विझला आणि पांढरा लागला.

मी कपाट उघडलं. वाट बघायची ही वेळ नव्हती. इंजेक्शन आधी दिलं, मग लास्याला कुशीवर वळवून पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं. मेंदूभोवतीचं पाणी असतं ते, नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ यायला हवं. पाणचट ताकासारखं गढूळ आलं. मेंदूज्वर. अर्ध्या अर्ध्या चमच्याने जंतू मेला नव्हता, फक्त दडून बसला होता, आणि पंचाला जोडीची सर्दी तेवढी ऐकू आली होती. संध्याकाळपर्यंत थांबले असते तर काय झालं असतं, ते मला माहीत आहे. नागमणीला मी ते कधी सांगितलं नाही.

लास्याला अतिदक्षता विभागात हलवल्यावर पंच माझ्याकडे कारण मागत होता. कपाट का उघडलं? मी पडद्यासमोर बसून राहिले. 'पूर्वीच्या औषधाची माहिती मिळू शकली नाही' असं लिहिलं की झालं असतं. खोटं म्हणावं तर खोटंही नाही. वरिष्ठ विचारायला आले नसते, परिषदेतल्या लोकांना कळलं नसतं, आईचं नाव कुठे आलं नसतं. मला लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती, की कुणीतरी आता माझ्यावर ओरडेल. तेव्हा कुठे मला त्या बाकड्यावरच्या बायका कळल्या.

मी लिहिलं: घरी अर्धवट औषध दिलं होतं. देणारी बाई डॉक्टरची आई. विचारल्यावर सांगितलं नाही, कारण या विभागातली डॉक्टर ओरडते.

आई बाहेर बाकड्यावर बसली होती, नागमणीच्या शेजारी. "माझं नाव घातलंस का?" तिने विचारलं.

"घातलं."

"बरं," म्हणाली आणि तोंड फिरवून घेतलं.

लास्या वाचली. इंजेक्शन जुनं आणि साधं होतं, काही वर्षांपूर्वी ते या जंतूवर चाललंच नसतं. कपाटाला कुलूप होतं म्हणून ते आज चाललं, हेही मला विसरता येत नाही. पण डाव्या कानाने तिला आता ऐकू येत नाही. तपासणीच्या दिवशी नागमणीने ते शांतपणे ऐकून घेतलं. माझी आई मात्र तिथल्या तिथे खाली बसली. मी तिला धरून उठवलं तेव्हा ती मला इतकी हलकी लागली की मला रडू आलं.

घरी येऊन तिने फ्रिज रिकामा केला, कपाटाचे कप्पे काढले, भाकरीचा डबा उपडा केला. मावशीला फोन करून झापलं, तेही असं की मला माझं घराणं कळलं. नंतर मात्र ती माझ्याशी बोलेना. ताट वाढायची, ताट उचलायची. दारात बायका आल्या तर "दवाखान्यात ने" म्हणून दार लावून घ्यायची. फक्त लास्या आली की तिच्या उजव्या बाजूला बसून तिच्याशी बोलत राहायची. एकदा लास्याने तिची हनुवटी धरून विचारलं, "आज्जी, तू रोज हिकडंच का बसतीस?" आई म्हणाली, "इकडं वारा लागतो गं."

मी कॅज्युअल्टीत ओरडणं बंद केलं. सोपं नव्हतं. पण नुसतं गप्प राहून भागेना. लोक अजून माझ्या तोंडाकडे बघायचे आणि 'नाही' म्हणायचे. मी गोड बोलले तर जास्तच घाबरायचे.

एक दिवस मोहोळकडचं एक जोडपं आलं, कडेवर तापलेलं बाळ. यास्मिनने विचारलं, बाप म्हणाला, "काहीच नाही दिलं मॅडम." बायको गप्प. तिच्या गप्प बसण्यावरूनच मला कळलं. जिभेवर आलेलं वाक्य मी गिळलं आणि स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले.

"माझ्या आईने शेजारच्या पोरीला दिलं होतं," मी म्हणाले. "भाकरीच्या डब्यात लपवलेलं. मला सांगितलं नाही, कारण मी ओरडते."

बाप माझ्याकडे बघतच राहिला. "तुमच्या आईने? डॉक्टरच्या आईने?"

"हो की."

"मग पोरगी?"

"वाचली. पण एक कान गेला."

बायकोने त्याला कोपराने ढोसलं. "सांगा की हो!"

"भावाच्या पोराचं उरलेलं होतं," तो म्हणाला. "कालच्याला दोनदा दिलं. चूक झाली मॅडम."

"बरं झालं सांगितलंत," मी म्हणाले. यास्मिनने 'हो' दाबलं. पांढरा दिवा लागला आणि आम्ही कामाला लागलो.

त्यानंतर मी ती गोष्ट रोज सांगायला लागले. दिवसातून कितीदा सांगते ते मोजत नाही. ऐकून लोक आधी हसतात, मग खिशातून, पिशवीतून, ब्लाउजमधून बाटल्या काढतात.

अशा गोष्टी गल्लीत पोचायला वेळ लागत नाही. एका संध्याकाळी घरी आले तर आई ओट्यापाशी पाठमोरी उभी. कितीतरी दिवसांनी तिने तोंड उघडलं.

"माझी बदनामी करतेस म्हणे दवाखान्यात. येईल त्याला सांगतेस. भाजीवाली विचारत होती मला."

"आई, तुला नको असेल तर मी नाही सांगणार. शपथ."

"सांगितल्यावर बोलतात का लोक खरं?"

"बोलतात."

ती भाकरी थापत राहिली. तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. मग माझ्याकडे वळली. डोळे लाल होते, पण आवाज पूर्वीसारखा चढलेला.

"मग सांग. पण सांगायचं तर पुरतं सांग. नुसतं 'आईने दिलं, आईने लपवलं' एवढंच सांगतेस म्हणे. पुढचं कोण सांगणार? माझी आई वेगवेगळ्या चपला घालून रिक्षाने आली आणि सगळ्यांसमोर खरं बोलली, ते पण सांगायचं."